ग्लोबिन जनुकांचे नियमन व दात्रकोशिका विकार

ग्लोबिन जनुकांचे नियमन : तांबड्या रक्तकोशिकांतील रक्तारुण (हीमोग्लोबिन) या प्रथिनाच्या साखळ्या ज्या जनुकांवरून तयार होतात, ती जनुके कोणत्या वयात व किती प्रमाणात कार्य करतील हे ठरविणाऱ्या यंत्रणेस ग्लोबिन जनुकांचे नियमन असे म्हणतात. डीएनएच्या विशिष्ट जागी बसून जनुकाचे प्रतिलेखन (आरएनए तयार होण्याची क्रिया) सुरू करणारी ‘सक्रियक’ प्रथिने, त्यांना साथ देणारी सहकारी प्रथिने आणि उलट कार्य करणारी निरोधक प्रथिने यांच्या परस्परबंधांतून हे नियमन घडते. दात्रकोशिका विकार (सिकलसेल) ज्या प्रदेशात फार आढळतो त्या पूर्व विदर्भाच्या, विशेषतः भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर व नागपूर या जिल्ह्यांच्या दृष्टीने हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. एकच सदोष जनुक असलेल्या दोन मुलांपैकी एकास वारंवार रुग्णालयात न्यावे लागते व दुसरे बऱ्याच अंशी शाळेत नियमित जाऊ शकते, यामागील कारणांचा एक मोठा भाग या नियमनात आहे.

प्रौढ माणसाच्या रक्तारुणात आल्फा व बीटा या प्रत्येकी दोन साखळ्या असतात. गर्भात मात्र बीटा साखळीऐवजी गॅमा साखळी असते व त्या रक्तारुणास गर्भ-रक्तारुण म्हणतात. जन्माच्या सुमारास गॅमा जनुक मंदावत जाते व बीटा जनुक जोर धरते. सहा महिन्यांच्या आसपास हा पालट बहुतांशी पुरा होतो आणि प्रौढपणी गर्भ-रक्तारुणाचे प्रमाण साधारणपणे एक टक्क्याहून कमी उरते. बीटा-समूहातील जनुके अकराव्या गुणसूत्रावर एप्सायलॉन, दोन गॅमा, डेल्टा व बीटा अशा क्रमाने असतात. ज्या क्रमाने ती मांडली आहेत त्याच क्रमाने वाढत्या वयाबरोबर ती जागी होतात, ही गोष्ट संशोधकांना प्रथमपासून लक्षणीय वाटत आली आहे.

विकाराची ओळख : शिकागो येथील वैद्य जे. बी. हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या कोशिका पाहिल्याचे प्रसिद्ध केले. लायनस पॉलिंग, हार्व्ही इटॅनो, एस. जे. सिंगर व आय. सी. वेल्स यांनी १९४९ मध्ये विद्युत् संचारणाने रुग्णांचे रक्तारुण निराळे असल्याचे दाखवून या विकारास ‘रेणवीय रोग’ म्हटले. १९५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन हे ॲमिनो अम्ल आलेले असते, एवढाच हा फरक असल्याचे सिद्ध केले. ऑक्सिजन सोडून दिलेल्या अवस्थेत असे रेणू एकमेकांस चिकटून त्यांचे लांब तंतू बनतात, कोशिका कडक व वाकड्या होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडांतील असह्य वेदना, पांडुरोग, प्लीहेची हानी व जंतुसंसर्गाचा धोका ही लक्षणे यातून उद्भवतात.

१९४८ मध्ये न्यूयॉर्क येथील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन व त्यांचे सहकारी यांनी एक साधे निरीक्षण नोंदविले होते. सदोष जनुक असूनही नवजात अर्भकांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या कोशिका फार कमी दिसतात. गर्भ-रक्तारुण त्यांचे रक्षण करीत असावे, असा त्यांचा तर्क होता. तो खरा ठरला. गॅमा साखळी असलेला रेणू तंतूत सामील होत नाही, त्यामुळे तंतूंची वाढ खुंटते. पुढील सत्तर वर्षांतील उपचारसंशोधनाचा मोठा भाग या एका निरीक्षणाचा विस्तार आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मध्य भारतातील नोंद : भारतात या विकाराचे जनुक असल्याचे १९५२ मध्ये कळले. त्या वर्षी हर्मान लेमान व मेरी कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींत ते असल्याचे दाखविले. विदर्भासंबंधीचा आरंभीचा महत्त्वाचा लेख नागपूर येथील आर. एन. शुक्ला व बी. आर. सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या पाहण्यांत हे जनुक आदिवासी जमातींपुरते मर्यादित नसून विदर्भातील अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय समाजांतही पसरलेले असल्याचे आढळून आले. पुण्याचे सुदाम काटे यांनी राज्यभर केलेल्या दीर्घ पाहणीचा आढावा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आदिवासी जमातींमधील प्रमाण शून्यापासून सुमारे ३५ टक्क्यांपर्यंत बदलते व वाहकांचे सरासरी प्रमाण सुमारे १० टक्के आहे असे दिसून आले. एका जमातीत जवळजवळ नाही व शेजारच्या जमातीत तिघांत एक, अशी ही विषमता जातीजमातींतील अंतर्विवाहाच्या रूढीमुळे टिकून राहिली आहे.

भंडारा जिल्हा वैनगंगेच्या खोऱ्यात असून भातशेती व तलाव यांसाठी प्रसिद्ध आहे. १ मे १९९९ रोजी त्याच्या पूर्वेकडील भागाचा गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे त्यापूर्वीच्या वैद्यकीय नोंदींतील ‘भंडारा’ म्हणजे आजचे हे दोन्ही जिल्हे होत, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पाण्याची विपुलता, दाट जंगल व हिवताप यांचे साहचर्य या भागात जुने आहे. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलॅसीमियासारख्या रक्तविकारांचा हिवतापाशी संबंध असावा अशी कल्पना मांडली आणि ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील पुराव्यावरून दात्रकोशिका जनुकाच्या वाहकांना घातक हिवतापापासून संरक्षण मिळते हे दाखविले. (हॉल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले व १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले, ओडिशा हा या विकाराचा भारतातील दुसरा मोठा प्रदेश होय.) वाहकास स्वतःला सहसा काही त्रास होत नाही. दोन वाहकांचा विवाह झाल्यास मात्र प्रत्येक अपत्यास विकार होण्याची शक्यता चारांत एक एवढी असते.

पूर्वी हे जनुक आफ्रिकेतून भारतात आले असावे असे मानीत. ए. ई. कुलोझिक व त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये सदोष जनुकाच्या आजूबाजूच्या डीएनएची ठेवण तपासून आशियातील जनुक स्वतंत्र उत्परिवर्तनाने उद्भवले असावे, असा निष्कर्ष काढला. भारत व अरबस्तानचा पूर्व भाग येथे आढळणाऱ्या या ठेवणीस अरब-भारतीय ठेवण म्हणतात. तिचे वैशिष्ट्य असे की, तिच्याबरोबर प्रौढपणीही गर्भ-रक्तारुण बरेच, पुष्कळदा १५ ते २० टक्के वा अधिक, टिकून राहते. आफ्रिकी ठेवणींमध्ये ते सामान्यतः याहून पुष्कळ कमी असते. या ठेवणीत एका गॅमा जनुकाच्या प्रारंभबिंदूच्या १५८ घटक अलीकडे एक अक्षर बदललेले असते. म्हणजेच, प्रथिनाचा मजकूर न बदलता जनुकाच्या दारातील फरकाशी निगडित असा परिणाम येथे दिसत होता. तो कसा घडतो हे समजण्यासाठी जनुक चालू-बंद होण्याच्या सर्वसाधारण सिद्धांताकडे वळणे भाग होते, आणि तो सिद्धांत रक्ताच्या अभ्यासातून नव्हे, तर जंतू व किण्व (यीस्ट) यांच्या अभ्यासातून आला.

सक्रियकांचा सिद्धांत : फ्रांस्वा झाकॉब व झाक मॉनो यांनी १९६१ मध्ये जंतूंतील जनुके निरोधक प्रथिनांनी बंद ठेवली जातात असे प्रतिपादन केले. हा सिद्धांत इतका प्रभावी ठरला की, जनुकास सुरू करणारे प्रथिनही असू शकते हे एलिस एंगल्सबर्ग यांचे म्हणणे मान्य होण्यास बराच काळ लागला. उच्च कोटीच्या जीवांत सक्रियकांचे महत्त्व किती मोठे आहे हे १९८० नंतर उलगडले. हार्व्हर्ड विद्यापीठातील रॉजर ब्रेंट व मार्क टॅश्नी यांनी १९८५ मध्ये किण्वातील गॅल-४ या सक्रियकाचा डीएनएला धरणारा भाग काढून त्याजागी एका जंतु-प्रथिनाचा भाग जोडला. हे संकरित प्रथिन नव्या जागी बसले व तेथील जनुक त्याने सुरू केले. यावरून सक्रियकाचे दोन स्वतंत्र भाग असतात हे स्पष्ट झाले : एक जागा ओळखणारा व दुसरा कार्य करविणारा. केव्हिन स्ट्रूल व आयन होप यांनी १९८६ मध्ये जीसीएन-४ या दुसऱ्या सक्रियकाविषयी असेच दाखविले.

कार्य करविणारा भाग मात्र गूढच राहिला. त्यात ऋण विद्युत् भाराची अम्ले पुष्कळ असतात, पण ठराविक क्रम दिसत नाही. १९८७ मध्ये जून मा व टॅश्नी यांनी तर जंतूच्या डीएनएचे कोणतेही तुकडे जोडून पाहिले, तेव्हा त्यांतील काही तुकड्यांपासूनही कामचलाऊ सक्रियक मिळाले. कुलुपाला ठराविक किल्ली लागते या प्रथिनशास्त्रातील रूढ कल्पनेस हा धक्का होता. रचनाशास्त्रज्ञ पॉल सिग्लर यांनी १९८८ मध्ये आम्लधर्मी गोळे व ऋणभारित शेवया असा या प्रदेशांचा थट्टेने उल्लेख केला. ती थट्टा अगदीच अन्यायाची नव्हती. डग्लस क्रेस व स्टीव्हन ट्रायझेनबर्ग यांनी १९९१ मध्ये एका विषाणूच्या व्हीपी-१६ या सक्रियकात भारित अम्लांपेक्षा फिनिलॲलॅनिनासारखी जलविरोधी ॲमिनो अम्ले अधिक निर्णायक असल्याचे दाखविले आणि प्रश्नास खरी दिशा मिळाली.

सक्रियक कोणाला धरतो, याचे उत्तर टप्प्याटप्प्याने मिळाले. तो प्रतिलेखन करणाऱ्या एंझाइमास थेट न धरता मध्यस्थांना धरतो. यांपैकी ‘मीडिएटर’ हा सुमारे पंचवीस प्रथिनांचा संच रॉजर कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये किण्वातून वेगळा केला. सीबीपी व पी-३०० ही सहसक्रियक प्रथिने १९९० नंतरच्या दशकात सापडली. डेव्हिड ॲलिस यांनी १९९६ मध्ये एक सहसक्रियक हिस्टोन प्रथिनांवर ॲसिटिल गट चढविणारे एंझाइम असल्याचे दाखविले. त्यायोगे डीएनएची घट्ट गुंडाळी सैल होते. पीटर राइट व जेन डायसन यांच्या गटाने १९९७ मध्ये सीबीपीशी जोडलेल्या सक्रियकाची रचना निश्चित केली. एकटा असताना आकारहीन असणारा सक्रियकाचा पट्टा जोडीदाराच्या पृष्ठावर बसताच वेटोळ्याचा आकार घेतो, असे तीत दिसले. जीसीएन-४ व मीडिएटरमधील मेड-१५ या जोडीचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा आणखी आश्चर्य वाटले : सक्रियकाचे लहानसे वेटोळे उथळ जलविरोधी खाचेत एकापेक्षा अधिक दिशांनी बसत होते. हे बंध एकेकटे दुर्बल असतात व क्षणात सुटतात. परंतु एका सक्रियकात असे अनेक ठिपके व एका मध्यस्थात अशा अनेक खाचा असल्याने एकत्रित पकड पुरेशी होते, आणि बंध सहज सुटत असल्यामुळे जनुक वेळेवर थांबविताही येते. मा व टॅश्नी यांचे कोड्यात टाकणारे तुकडे का चालले, हेही यातून कळते.

रक्तातील सक्रियक : तांबड्या कोशिकांच्या वंशात दोन सक्रियक प्रमुख आहेत. गाटा-१ हे प्रथिन गॅरी फेल्सेनफेल्ड यांच्या गटाने १९८८ मध्ये ओळखले व पुढील वर्षी त्याचे जनुक विलग करण्यात आले. दुसरे, केएलएफ-१ हे जेम्स बीकर व आय. जे. मिलर यांनी १९९३ मध्ये शोधले. ते बीटा जनुकाच्या प्रवर्तकातील एका ठराविक क्रमावर बसते. हे जनुक काढून टाकलेले उंदराचे गर्भ बीटा-ग्लोबिनाअभावी दगावतात, असे १९९५ मध्ये आढळले. १९९८ मध्ये गाटा-१ व केएलएफ-१ ही दोन्ही सीबीपी-पी-३०० यांना सहकारी म्हणून घेतात हे दाखविण्यात आले.

बंध तुटल्यास काय होते याचे बोलके उदाहरण गाटा-१ मध्ये सापडते. १९९७ मध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने फॉग-१ हा त्याचा सहकारी शोधून काढला. तीन वर्षांनी जन्मजात पांडुरोग व बिंबाणूंची कमतरता असलेल्या एका कुटुंबात गाटा-१ मधील २०५ व्या स्थानी एकच ॲमिनो अम्ल बदललेले आढळले. बदललेले प्रथिन डीएनएला नीट धरते, मात्र फॉग-१ ला धरू शकत नाही. एवढ्यानेच आजार होतो. सक्रियकाने जागेवर बसणे पुरेसे नाही, जोडीदार मिळणेही तितकेच आवश्यक आहे, हे माणसात इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसले होते.

बीटा-समूहापासून दूर एक शक्तिमान नियंत्रक प्रदेश असल्याचे फ्रँक ग्रॉसव्हेल्ड यांनी १९८७ मध्ये दाखविले होते. २००२ मध्ये डीएनएची दोरी वळून हा प्रदेश कार्यरत जनुकास प्रत्यक्ष भिडतो याचा पुरावा मिळाला. गर्भात तो गॅमा जनुकास व नंतर बीटा जनुकास भिडतो. हा वळसा बांधून ठेवण्याचे काम गाटा-१ च्या साथीने एलडीबी-१ हे प्रथिन करते. गर्ड ब्लोबेल यांच्या गटाने २०१२ मध्ये हे प्रथिन मुद्दाम एका प्रवर्तकावर नेऊन ठेवले व वळसा घडवून जनुक सुरू केले.

गॅमा जनुक बंद कोण करते याचा उलगडा मात्र रुग्णांच्या व निरोगी माणसांच्या रक्ततपासणीतून झाला. २००७–०८ मध्ये युरोपातील व सार्डिनिया बेटावरील लोकांच्या संपूर्ण जनुकसंचाच्या तुलनेतून दुसऱ्या गुणसूत्रावरील बीसीएल-११ए या जनुकाकडे लक्ष वेधले गेले, आणि विजय शंकरन व ऑर्किन यांनी २००८ मध्ये ते गॅमा जनुकाचे निरोधक असल्याचे सिद्ध केले. त्याच्याबरोबर नर्ड नावाचा प्रथिनसंच येतो व गॅमा जनुकाभोवतीची गुंडाळी घट्ट करतो. २०१० मध्ये माल्टामधील एका कुटुंबात केएलएफ-१ चे उत्परिवर्तन व वाढलेले गर्भ-रक्तारुण एकत्र आढळले. केएलएफ-१ बीटा जनुकास तर चालना देतेच, शिवाय बीसीएल-११ए सही देते व त्या मार्गाने गॅमा जनुकास गप्प करते. सक्रियक आणि निरोधक यांतील पाठ्यपुस्तकी भेद येथे बराच पुसट होतो.

उपचार : या इतिहासातील पहिला उपयुक्त उपचार सिद्धांतातून नव्हे, निरीक्षणातून आला. कर्करोगावरील हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भ-रक्तारुण वाढते हे १९८४ मध्ये लक्षात आले. १९९५ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत त्याने वेदनेचे झटके जवळजवळ निम्मे झाल्याचे दिसले व १९९८ मध्ये तेथे त्यास मान्यता मिळाली. सिद्धांताचे फळ २०२३ मध्ये हाती आले. डॅनियल बाउअर व ऑर्किन यांनी २०१३ मध्ये बीसीएल-११ए जनुकात केवळ तांबड्या कोशिकांत कार्य करणारा एक वर्धक प्रदेश शोधला होता. त्यातील गाटा-१ बसण्याची जागा क्रिस्पर तंत्राने कापली की सक्रियकास आधार उरत नाही, त्या वंशात निरोधक घटतो व गॅमा जनुक पुन्हा जागे होते. इतर कोशिकांतील बीसीएल-११ए अबाधित राहते. रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूलकोशिकांवर करावयाच्या या उपचारास ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ व अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेतील त्याची जाहीर किंमत बावीस लाख डॉलर आहे. त्याआधी तीव्र रसायनोपचारही घ्यावा लागतो. कमी खर्चाचे असेच तंत्र विकसित करण्यासाठी दिल्लीच्या जिनोमिक्स व समाकलित जीवविज्ञान संस्थेत संशोधन चालू आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यातील परिस्थिती : गर्भ-रक्तारुण अधिक म्हणजे विकार सौम्य, हे समीकरण प्रामुख्याने ओडिशातील अभ्यासावरून रूढ झाले आणि ‘भारतीय प्रकार सौम्य असतो’ असे सरसकट विधान केले जाऊ लागले. विदर्भाच्या बाबतीत हे विधान घाईचे ठरले. नागपूर येथील रुग्णालयांत येणाऱ्या बालरुग्णांवरील २०१० नंतरच्या अभ्यासांत अरब-भारतीय ठेवण व बऱ्यापैकी गर्भ-रक्तारुण असूनही वेदनेचे झटके, तीव्र पांडुरोग व जंतुसंसर्ग यांचे प्रमाण मोठे आढळले. रक्तारुणाच्या आल्फा साखळ्या कमी करणारा थॅलॅसीमियाचा प्रकार ओडिशा व गुजरातमधील आदिवासींत विपुल असून त्याने विकाराची तीव्रता काहीशी घटते. नागपूरकडील रुग्णांत तो पुष्कळ कमी आहे. शिवाय एकूण टक्केवारीपेक्षा प्रत्येक कोशिकेत गर्भ-रक्तारुण किती आहे, यास महत्त्व आहे. काही कोशिकांत भरपूर व काहींत मुळीच नाही अशी वाटणी असेल, तर सरासरी चांगली दिसूनही रुग्ण आजारीच राहतो.

राज्य शासनाचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम भंडारा जिल्ह्यातही राबविला जातो. त्यात प्रथम विद्राव्यता चाचणी व ती सकारात्मक आल्यास विद्युत् संचारण अथवा तत्सम निश्चायक तपासणी करतात. वाहकास ‘एएस’ व पीडितास ‘एसएस’ म्हणण्याची पद्धत खेड्यापाड्यांतही रुळली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या विकाराचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सतरा राज्यांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट असून निर्मूलनासाठी २०४७ हे वर्ष ठरविले आहे. विवाहपूर्व समुपदेशनावर या कार्यक्रमांचा भर आहे. मात्र ‘एएस’ ठरलेल्या मुलीचे लग्न अडते व मुलाचे सहसा अडत नाही, ही सामाजिक बाजू तपासणीच्या आकड्यांत दिसत नाही.

औषधाच्या मात्रेचाही प्रश्न आहे. पाश्चात्त्य पद्धतीत हायड्रॉक्सियुरियाची मात्रा रक्तपेशींची वारंवार मोजणी करीत सहनशक्तीच्या मर्यादेपर्यंत वाढवितात. साकोली किंवा लाखांदूर तालुक्यातील मजुरी करणाऱ्या कुटुंबास त्यासाठी दर महिन्याला मजुरी बुडवून रुग्णालय गाठणे परवडणारे नसते. नागपूर येथे तीव्र विकार असलेल्या मुलांना दर किलोग्रॅम वजनास रोज १० मिलिग्रॅम एवढी कमी व स्थिर मात्रा देऊन पाहण्यात आली. तिने गर्भ-रक्तारुण वाढले आणि वेदनेचे झटके व रक्त देण्याची गरज घटली, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्रा न वाढविल्यामुळे तपासण्यांची वारंवारता कमी ठेवता येते व प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर औषध देणे शक्य होते.